गॅलरीत पाठमोरा उभा माणूस: भूपेन खख्खर यांची आत्मचित्रं पाहताना

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. शिंप्याच्या दुकानात दोन आरसे समोरासमोर लावलेले असले किंवा लग्नाच्या व्हिडिओत कुणी मागून टिपलं असलं, की तेवढ्यापुरती ती दिसते, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. बाकीचे लोक मात्र ती रोज पाहत असतात. रांगेत मागे उभे असलेले, जिन्यात मागून येणारे, निरोप देऊन दारात थांबलेले.

चित्रकार भूपेन खख्खर यांनी १९८१ साली स्वतःचं एक मोठं चित्र काढलं. त्यात ते पाठमोरे आहेत. गॅलरीच्या कठड्याशी उभे, अंगावर एकही कपडा नाही. समोर वस्ती पसरलेली, आणि तिथे आपापल्या उद्योगात असलेली माणसं. तैलरंगातलं हे चित्र साधारण पावणेदोन मीटर उंच आणि तितकंच रुंद आहे, त्यामुळे गॅलरीतला माणूस जवळपास खऱ्या माणसाएवढा होतो. चित्राचं नाव 'यू कान्ट प्लीज ऑल', म्हणजे सगळ्यांना खूश करता येत नाही. १९९६ मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने ते घेतलं, आणि २०१६ मध्ये टेट मॉडर्नमध्ये खख्खर यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा त्यालाही याच चित्राचं नाव दिलं गेलं.

आत्मचित्र म्हटलं की आपण चेहरा शोधतो. चेहरा सापडला, तो चित्रकाराच्या फोटोशी जुळला, की आपल्या लेखी काम झालेलं असतं. मग ज्यात चेहरा धड समोर येतच नाही ते आत्मचित्र कसं म्हणायचं? चित्रप्रदर्शनात गेलेल्या अनेकांचं पाऊल इथे अडखळतं आणि 'आपल्याला चित्रातलं काही कळत नाही' असं म्हणून ती मंडळी पुढे जातात. खरं तर खख्खर कळायला फार अभ्यास लागत नाही. थोडी पार्श्वभूमी आणि थोडा वेळ पुरतो.

आरशातला चेहरा

आत्मचित्राची जुनी पद्धत आरशाची. चित्रकार आरसा मांडतो, त्यात पाहतो आणि काढतो. म्हणून उजव्या हाताने काम करणारा चित्रकार अशा चित्रात पुष्कळदा डावखुरा दिसतो, आणि त्याची नजर थेट आपल्यावर रोखलेली असते. ती नजर मुळात आपल्यासाठी नसतेच. तो स्वतःला तपासत असतो आणि आपण मध्ये जाऊन उभे राहिलेलो असतो. डच चित्रकार रेम्ब्रां याने रंगचित्रं, रेखाटनं आणि छापचित्रं धरून स्वतःची ऐंशीच्या आसपास चित्रं केली. तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत एकच चेहरा कसा बदलत गेला, हे त्यांत वर्षावर्षाने दिसतं.

आपल्याकडे या बाबतीत अमृता शेरगिल यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९३४ मध्ये, एकविसाव्या वर्षी, त्यांनी स्वतःला ताहिती बेटावरच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं. पॉल गोगँ या फ्रेंच चित्रकाराने तिथल्या स्त्रियांची चित्रं काढून नाव कमावलं होतं. शेरगिल यांनी त्या स्त्रियांच्या जागी स्वतःला उभं केलं. कमरेवरचं अंग उघडं, हात पुढे जुळलेले, नजर बाजूला वळलेली, आणि मागे भिंतीवर एका पुरुषाची सावली. युरोपातले पुरुष आपल्यासारख्या बाईकडे कसे बघतात, तेच त्यांनी स्वतःच्या अंगावर घेऊन दाखवलं. यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आत्मचित्र हा 'मी कसा दिसतो' या प्रश्नाइतकाच 'माझ्याकडे कोण, कसं बघतं' या प्रश्नाचाही मामला असतो.

त्याच वर्षी, १० मार्च १९३४ रोजी, मुंबईत खेतवाडीत भूपेन खख्खर यांचा जन्म झाला.

हिशोब तपासणारा चित्रकार

घर गुजराती, मध्यमवर्गीय. वडील लवकर गेले. मुलाने शिकून पोटापाण्याला लागावं ही अपेक्षा होती आणि खख्खर यांनी ती पुरी केली. मुंबई विद्यापीठातून पदवी घेतली, चार्टर्ड अकाउंटंट झाले. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांना मिळालं नाही. चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांची ओळख झाली, त्यांच्या आग्रहाने १९६२ मध्ये ते बडोद्याला गेले आणि तिथल्या ललित कला विभागात कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला बसले. पुढे बडोदाच त्यांचं गाव झालं. कितीतरी वर्षं ते अर्धा वेळ एका कारखान्यात हिशोबाचं काम करत आणि उरलेल्या वेळात चित्रं काढत. गुजरातीत कथा आणि नाटकंही लिहिली.

हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. चित्रकार म्हणजे वेगळ्याच जगात राहणारा प्राणी, असं आपल्या मनात बसलेलं असतं. खख्खर यांचं जग वह्या, पावत्या, डबा, ऑफिसातले सहकारी आणि शेजाऱ्यांकडचा चहा यांचं होतं. ज्या माणसांना चित्रात जागा नसते, त्यांच्यात ते रोज बसत-उठत होते.

इथे आणखी एक शब्द समजून घेऊ: आकृतिप्रधान चित्रकला. ज्या चित्रात माणसं, वस्तू, जागा ओळखू येतात आणि चित्राचा जीव त्यांच्यातच असतो, ते आकृतिप्रधान. ज्यात रंग, आकार आणि पोत एवढ्यावरच चित्र उभं राहतं, ते अमूर्त. साठच्या दशकात आपल्याकडे अमूर्त चित्रांना मोठा मान होता. वासुदेव गायतोंडे यांच्यासारखा तपस्वी माणूस त्यात काम करत होता, तेव्हा तो मान रास्तच होता. पण काही तरुण चित्रकारांना वाटू लागलं की या सगळ्यात आपल्या रस्त्यावरची माणसं हरवली आहेत. १९८१ मध्ये सहा चित्रकारांनी मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत आणि दिल्लीत 'प्लेस फॉर पीपल' नावाचं प्रदर्शन केलं. माणसांसाठी जागा, एवढंच त्या नावाचं म्हणणं. खख्खर आणि शेख त्यात होते, तसेच नलिनी मलानी, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि आपले ठाण्याचे सुधीर पटवर्धन. पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. लोकलमधले प्रवासी, इराणी हॉटेलात बसलेला माणूस, पुलावरची गर्दी हे त्यांचे विषय. एक डॉक्टर आणि एक हिशोबनीस, दोघंही दिवसा दुसरं काम करणारे. माणसाकडे बघण्याची या दोघांची रीत मात्र वेगळी. पटवर्धनांची नजर रस्त्यावर असते. खख्खर दुसऱ्याकडे बघता बघता स्वतःपाशी येऊन पोचतात.

दुसऱ्यांच्या चेहऱ्याआड

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खख्खर यांनी छोट्या धंद्यांतल्या माणसांची चित्रं काढली. 'जनता वॉच रिपेअरिंग' आणि 'डीलक्स टेलर्स' १९७२ ची, 'बार्बर्स शॉप' १९७३ चं. नावं वाचली की दुकानाच्या पाट्याच डोळ्यांसमोर येतात. इंग्रज अमलात इथले चित्रकार साहेबांसाठी धोबी, शिंपी, भिश्ती अशा कामकऱ्यांची चित्रं काढत. ती पद्धत खख्खर यांनी उचलली. पण साहेबाला तो धोबी म्हणजे एक नमुना होता, आणि खख्खर यांचा घड्याळवाला हा त्यांच्याच गल्लीतला माणूस आहे.

ही माणसं जुन्या फोटो स्टुडिओत बसल्यासारखी ताठ असतात. रंग स्वच्छ, चकचकीत, कॅलेंडरवरच्या देवांच्या चित्रांत असतात तसे. चेहऱ्यावर काहीच घडत नाही, डोळे कुठेतरी दूर लागलेले. भोवती सामान व्यवस्थित मांडलेलं आणि मध्ये एक एकटा जीव. काही जणांना ही चित्रं पाहून हसू येतं, आणि त्यात गंमत आहेच. पण त्या ताठपणाकडे दोन मिनिटं बघत राहिलं की हसू ओसरतं. चारचौघांत नीट दिसावं म्हणून माणूस किती आवरून बसतो, ते दिसू लागतं. ही आवरून बसण्याची सवय खख्खर यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होती.

कारण त्यांच्याजवळ एक गुपित होतं. ते समलिंगी होते. गुजराती मध्यमवर्गीय घर, आई, ऑफिस, शेजार आणि वर कायदा. भारतीय दंडविधानातलं कलम ३७७ हे १८६० पासूनचं. सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा त्याचा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. खख्खर तोपर्यंत हयात नव्हते. आपण कोण हे त्यांना उमेदीची सगळी वर्षं बोलता आलं नाही.

मग या काळात ते स्वतःच्या चित्रात कुठे आहेत? मजेची गोष्ट अशी की ते सगळ्यांत उघडपणे दिसतात ते सोंग घेतलेल्या रूपात. १९७२ च्या एका प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी त्यांनी स्वतःचे फोटो काढून घेतले. एकात जेम्स बाँड, एकात मिस्टर युनिव्हर्स. साध्या अंगकाठीचा बडोद्याचा हिशोबनीस अशा थाटात उभा आहे. पाहणाऱ्याला हसवण्यासाठीच ते फोटो होते. पण पुरुष कसा असतो याचे जे नमुने सिनेमा आणि जाहिराती आपल्यापुढे ठेवतात, ते त्यांनी अंगावर चढवून बघितले, आणि ते कुठे कुठे बसत नाहीत हे सगळ्यांदेखत दाखवलं. स्वतःला तपासण्याची ही एक रीत झाली. दशावतारात नाहीतर बोहाड्यात ज्यांनी सोंगं जवळून पाहिली आहेत, त्यांना हे लगेच पटेल. सोंग घेतल्यावरच काही गोष्टी करायला माणूस मोकळा होतो.

१९७५ च्या सुमाराचं 'प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ घेतलेला माणूस' हे चित्र मला या सगळ्याच्या मधोमध ठेवावंसं वाटतं. पुष्कळ घरांत फ्रेम केलेली चित्रं असतात, मध्ये मोठा देव किंवा संत आणि भोवती लहान लहान चौकटींत त्याच्या लीला. खख्खर यांनी तीच मांडणी घेतली. मध्ये मात्र एक उदास, साधा माणूस आहे, हातात गुच्छ घेऊन, आणि आजूबाजूला छोटे घरगुती प्रसंग. ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखी एकही लीला नाही, त्याला देवाची चौकट दिली. फुलं प्लॅस्टिकची, म्हणजे कोमेजत नाहीत आणि वासही येत नाही. हा माणूस खख्खरच आहे असं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या एकटेपणाचं इतकं नेमकं चित्र, एकटेपण स्वतः भोगल्याशिवाय काढता येत नाही.

गाढवापासून सुरुवात

आता गॅलरीतल्या चित्राकडे परत येऊ. नागड्या पाठीवर नजर खिळते हे साहजिक आहे, पण आधी गाढव शोधा.

गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत आहे. बाप आणि मुलगा गाढव घेऊन निघतात. गाढव रिकामं चालतंय आणि दोघं पायी, म्हणून लोक हसतात. मुलाला बसवावं तर बाप म्हातारा चालतोय म्हणून बोलणी. बाप बसला तर पोराचे हाल केले म्हणून बोलणी. दोघं बसले तर मुक्या जनावराची दया नाही. शेवटी दोघं गाढवालाच खांद्यावर घेतात, आणि गाढव जिवाला मुकतं.

खख्खर यांनी ही गोष्ट एकाच चित्रात अनेक ठिकाणी काढली आहे. तोच बाप, तोच मुलगा, तेच गाढव, पण प्रसंग वेगळा. एका चित्रात एकच माणूस दोनतीनदा कसा, असं वाटेल. ही फार जुनी युक्ती आहे. अजिंठ्याला १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकाची गोष्ट अशीच भिंतीवर सलग चालत जाते, आणि राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो. इटलीत सिएना शहरातले चौदाव्या शतकातले चित्रकारही असंच करत, आणि बडोद्याच्या या मंडळींना ते चित्रकार फार आवडत. अशा चित्रात वेळ पुढे सरकत राहतो, आपण चालत चालत गोष्ट वाचतो.

पण गॅलरीतला माणूस एकदाच आहे. खालचे बापलेक लोकांचं ऐकून दर वेळी बदलतात. हा हलत नाही. गोष्ट संपेपर्यंत तो कठड्याशी उभा आहे.

आता 'गॅलरी' हा शब्द आपण मराठीत ज्या अर्थाने वापरतो तो मनात आणा. गिरगाव, खेतवाडी या भागात वाढलेल्या माणसाला गॅलरी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिथून वरात बघायची, भाजीवाल्याला हाक मारायची, भांडणं ऐकायची, समोरच्याकडे पाहुणे कोण आले ते ताडायचं. आपण जग बघतो आणि जग आपल्याला. म्हणून गॅलरीत जाताना माणूस निदान बनियन तरी चढवतो. घरात कसाही असला तरी कठड्यापाशी येताना सावरून येतो. गॅलरी धड घर नाही, धड रस्ताही नाही. अशा जागी हा माणूस कपड्यांवाचून येऊन उभा राहिला आहे.

आणि आपण कुठे आहोत? हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला, म्हणून मुद्दाम सांगते. माणूस पाठमोरा आहे, म्हणजे आपण त्याच्या मागे आहोत, त्याच्या घराच्या आतल्या बाजूला. रस्त्यावरच्या लोकांपेक्षा आपण त्याच्या जास्त जवळ आहोत. ज्याच्याकडे निर्धास्तपणे पाठ करता येते तो माणूस घरचाच असतो. चित्रकाराने पाहणाऱ्याला आधी आपल्या खोलीत घेतलं आणि मग जगाकडे तोंड केलं.

पुष्कळ लिखाणात या चित्राचा उल्लेख खख्खर यांनी आपली लैंगिकता जाहीर केल्याची खूण म्हणून येतो. ते चूक नाही. त्यांची आई १९८० मध्ये गेली होती, आणि त्यानंतर त्यांच्या चित्रांत एक मोकळेपणा येत गेला. पण जाहीर करणं म्हणजे चव्हाट्यावर उभं राहून ओरडणं, असं आपण धरून चालतो. या चित्रात ओरडणं कुठेही नाही. इथे एक माणूस लहानपणी ऐकलेली गोष्ट पुन्हा एकदा शांतपणे बघतो आहे. लोकांना खूश करता करता बापलेकांनी शेवटी काय गमावलं, ते त्याच्या डोळ्यांसमोर घडतंय. ते बघून तो काय ठरवतो हे त्याच्या पाठीवरूनच ओळखायचं. मला तरी त्या उभ्या राहण्यात अजून थोडी भीती दिसते आणि ती दिसते म्हणूनच चित्र खरं वाटतं.

काशीतले दोघं

पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, 'टू मेन इन बनारस' आलं. दोन नग्न पुरुष एकमेकांच्या मिठीत, मोठ्या आकारात. त्यांच्या पलीकडे काशीचा नित्यक्रम लहान लहान आकृत्यांत चाललेला, देवळं, भाविक, साधू. मोठी आकृती आणि भोवती छोटे प्रसंग, ही मांडणी आपण प्लॅस्टिकच्या फुलांपाशी पाहिली होती. तिथे मधला माणूस एकटा होता. इथे त्याला कुणीतरी मिळालं आहे.

काशीच का, असा प्रश्न येतो. खख्खर यांनी प्रेमाची ही गोष्ट शहराच्या कडेला, अंधाऱ्या खोलीत नेऊन लपवली नाही. जिथे आपल्याकडची माणसं मरण, पाप, पुण्य, मोक्ष असे मोठे शब्द मनात घेऊन जातात, तिथे नेऊन ठेवली. पूजा चालू आहे, मिठीही चालू आहे आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला हटकत नाही. चित्रातल्या लोकांना याचं काही वाटत नाही. धक्का बसतो तो फक्त चित्राबाहेरच्यांना.

१९८७ च्या 'ययाती'मध्ये त्यांनी पुराणाचा आधार घेतला. मुलाकडून तारुण्य मागून घेणारा राजा मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. खख्खर यांच्या चित्रात वयस्क पुरुषाच्या जवळ पंख असलेली एक आकृती आहे, आणि म्हाताऱ्या अंगात पुन्हा जीव येतो तो तिच्या स्पर्शाने. त्या वेळी ते स्वतः ५३ वर्षांचे होते. वय होत चाललेल्या शरीराला अजून कुणी हवंसं म्हणेल का, हा प्रश्न माणसं सहसा जवळच्या मित्रालाही विचारत नाहीत. त्यांनी तो ययातीच्या तोंडून विचारला.

कातडीच्या आत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला, आणि शेवटच्या चार-पाच वर्षांतली त्यांची चित्रं बघणं जड जातं. १९९९ मधल्या एका चित्राच्या नावाचा अर्थ असा: 'दिवसअखेर लोखंडाचे ठोकळे बाहेर पडले.' ज्यांच्या घरात वडील, काका, आजोबा या दुखण्यातून गेले आहेत, त्यांना हे वाक्य समजावून सांगावं लागणार नाही. लघवीला, संडासला जाणं हे दिवसातलं सगळ्यांत मोठं संकट होऊन बसतं, आणि घरातले लोक त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. खख्खर यांनी त्याचं चित्र केलं आणि नावातच सगळं सांगून टाकलं.

२००१ मध्ये 'बुलेट शॉट इन द स्टमक', पोटात लागलेली गोळी. त्याच वर्षी 'ब्यूटी इज स्किन डीप ओन्ली', म्हणजे सौंदर्य कातडीपुरतंच. पूर्वीच्या चित्रांतली नीटनेटकी, इस्त्री केल्यासारखी माणसं इथे उरली नाहीत. पोट फाटलेलं, आतडी बाहेर, रंग सांडल्यासारखे, कडा विरघळलेल्या. प्रदर्शनात अशा चित्रासमोरून लोक लवकर सरकतात. सरकू नये, असं मी आवर्जून सांगेन, कारण आतापर्यंतच्या सगळ्या चित्रांचा धागा इथे येऊन पोचतो. आधी दुसऱ्यांचे चेहरे, मग सोंग, मग स्वतःची उघडी पाठ, मग मिठी, आणि आता शरीराची आतली बाजू. आत डोकावणं हा शब्दप्रयोग आपण मनाबद्दल करतो. त्यांनी तो शब्दशः केला. पाठीसारखीच आपली आतडीही आपल्याला कधी दिसत नाहीत. डॉक्टर रिपोर्टमध्ये दाखवतात तेव्हा ती परक्या कुणाची वाटतात. हे परकं वाटणारं अंग माझं आहे, दुखतंय ते मला, एवढं कागदावर आणि कॅनव्हासवर मान्य करण्यात त्यांनी उरलेली ताकद घातली. ८ ऑगस्ट २००३ रोजी बडोद्यात त्यांचं निधन झालं.

दुसऱ्याच्या चष्म्यात

आज आपल्याकडे आत्मचित्रं काढणारे पुष्कळ आहेत. अंजू दोडिया यांचं काम खख्खर यांच्यासोबत पाहावं असं मी सुचवेन, कारण त्यांचा रस्ता नेमका उलटा आहे. १९६४ चा जन्म, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. त्यांच्या चित्रांत स्वतःशी साम्य असलेली स्त्री सतत येते, पण दर वेळी वेगळ्या भूमिकेत. जपानी छापचित्रांतून, युरोपातल्या जुन्या चित्रांतून, वर्तमानपत्रातल्या फोटोंतून उचललेले पेहराव आणि पवित्रे ती अंगावर घेते. जलरंग, कोळसा, कधी कॅनव्हासऐवजी गादी. गादीवर रंगवलेली बाई पाहताना झोप, आजारपण, बाळंतपण, भांडण, सगळं एकदम आठवतं. २००७ मध्ये बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांनी आपली चित्रं मांडली होती, खख्खर यांच्याच गावात. खख्खर एकेक थर उतरवत गेले. अंजू दोडिया थर चढवतात, आणि चित्रकाराला रिकाम्या कागदासमोर बसताना जी धाकधूक होते ती त्या चढवलेल्या पोशाखातून बाहेर पडते.

आणि एक चित्र घाटकोपरच्या अतुल दोडिया यांचं, १९९४ चं, 'द बॉम्बे बुकेनियर'. आदल्या वर्षी 'बाजीगर' सिनेमा आला होता. त्याच्या पोस्टरवर शाहरुख खान जसा होता, तशा थाटात दोडिया यांनी स्वतःला रंगवलं आहे, हातात पिस्तूल, डोळ्यांवर गॉगल. लांबून ते सिनेमाचं पोस्टरच वाटतं, आणि जेम्स बाँड झालेला बडोद्याचा हिशोबनीस आठवल्याशिवाय राहत नाही. जवळ गेलं की गॉगलच्या काचा दिसतात. समोर उभ्या असलेल्यांची प्रतिबिंबं त्यांत पडली आहेत. एका काचेत इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी. दुसऱ्या काचेत भूपेन खख्खर, आणि तिथे ते पाठमोरे नाहीत.